आमचा उमेदवार पडला, मग माझं मत वाया गेलं का?

प्रश्न : तालुक्याच्या गावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. लोकसभा, विधानसभा आणि नगरपरिषद अशा तिन्ही वेळा रांगेत उभं राहून मतदान केलं. तिन्ही वेळा मी ज्याला मत दिलं तो पडला. नगरपरिषदेच्या निकालानंतर आठ दिवसांनी गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचं सांगायला गेलो, तर निवडून आलेल्या नगरसेवकाची पोरं म्हणाली, "तुमच्या गल्लीनं आम्हाला दिलं नाही. ज्याला दिलं त्याला सांगा." वडील म्हणतात, पडणाऱ्याला देऊन मत वाया घालवलंस, पुढच्या वेळी वारं बघून दे. बायकोचं नाव लग्नाला चार वर्षं झाली तरी माहेरच्या यादीत आहे. ती म्हणते, बदलून तरी काय फरक पडणार? आता तुम्हीच सांगा, निवडून येणाऱ्यालाच मत द्यावं, की सरळ घरी बसावं?
(नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात गटार, वडिलांचा टोमणा आणि बायकोची नावनोंदणी असे तीन विषय आहेत. तिन्हींचं मूळ मात्र त्या पोरांच्या एका वाक्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

"तुमच्या गल्लीनं दिलं नाही" हे त्यांना कळलं कसं? मतदान गुप्त असतं, पण मोजणी केंद्रवार होते. एका मतदान केंद्राच्या यादीत साधारण हजार-बाराशे नावं, म्हणजे चार-पाच गल्ल्या. त्या केंद्राचं यंत्र वेगळं उघडतं, आकडे वेगळे वाचले जातात आणि टेबलाशी बसलेले प्रत्येक पक्षाचे प्रतिनिधी ते लिहून घेतात. अनेक केंद्रांची मतं एकत्र मिसळून मोजता यावीत म्हणून 'टोटलायझर' नावाच्या उपकरणाचा प्रस्ताव निवडणूक आयोगानं २००८ मध्येच दिला होता. चौदा यंत्रं एकाच वेळी जोडायची, म्हणजे कुठल्या वस्तीनं कुणाला दिलं ते कळणार नाही. तो प्रस्ताव अजून अमलात आलेला नाही. त्यामुळे गल्लीचा अंदाज सगळ्यांना असतो.

पण तो गल्लीचा असतो, तुमचा नव्हे. केंद्रात बसलेला पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवाराचा माणूस, आपल्या यादीवर तुमच्या नावापुढे खूण करतो, तेव्हा त्याला एवढंच कळतं की तुम्ही येऊन गेलात. बटण कुठलं दाबलं हे त्याला कधीच कळत नाही. आता वडिलांचा सल्ला या हिशेबात बसवून पाहा. समजा वारं बघून तुम्ही जिंकणाऱ्याला मत दिलंत, पण गल्लीतली बाकीची मतं दुसरीकडे गेली. तुम्हाला ऐकून काय घ्यावं लागेल? तेच, "तुमच्या गल्लीनं दिलं नाही." जिंकणाऱ्याला दिलेल्या मताची पावती मिळत नाही, म्हणून त्या मतातून उपकारही वसूल होत नाहीत.

आता गटार. ते दुरुस्त करणं हे नगरपरिषदेचं काम आहे, नगरसेवकाची मेहेरबानी नव्हे, आणि तक्रार घ्यायला मुख्याधिकारी बसलेला आहे. तो शासनाचा अधिकारी, त्याला तुमच्या गल्लीच्या मताशी देणंघेणं नाही. अर्ज त्याच्या नावे करा आणि दोन प्रतींत करा. "आमच्या गल्लीतील गटार तुंबले आहे" असं मोघम लिहू नका. कुठल्या खांबापासून कुठल्या चौकापर्यंत, अंदाजे किती मीटर, पाणी कधीपासून रस्त्यावर येतंय, हे लिहा. तारखेचे दोन फोटो आणि दहा-पंधरा घरांच्या सह्या जोडा. आवक-जावक विभागात दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. "साहेबांच्या टेबलावर ठेवून जा" असं म्हणतील. ठेवू नका. आवक क्रमांक नसलेला अर्ज हा कागद असतो, अर्ज नव्हे.

महिनाभरात हालचाल दिसली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज जन माहिती अधिकाऱ्याकडे टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज १५० शब्दांच्या आत, विषय एकच. इथे बहुतेक जण एक चूक करतात. "गटार का केलं नाही?" असं विचारतात आणि "कारणे विचारणे माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर घेऊन परत येतात. कारण विचारू नका, कागद मागा : तुमच्या प्रभागात गेल्या दोन आर्थिक वर्षांत मंजूर झालेल्या गटार व रस्ता कामांची यादी, प्रत्येक कामाची रक्कम, कार्यारंभ आदेशाची प्रत आणि मोजमाप पुस्तिकेच्या त्या पानांच्या प्रती. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही, जिला सगळे 'एमबी' म्हणतात ती, मागितली की उपअभियंत्यापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांना अर्ज गंभीरपणे घ्यावा लागतो. काम कागदावर झालेलं असेल तर तिथेच सापडतं.

आणि हो, पोरांनी एक गोष्ट नकळत बरोबर सांगितली. ज्याला मत दिलं त्यालाही सांगाच. पडलेल्या उमेदवाराला पुन्हा उभं राहायचं असेल तर गल्लीतलं गटार त्याला उपयोगाचं आहे. त्याच्या पक्षाचा एखादा नगरसेवक शेजारच्या प्रभागातून निवडून आलेला असेल, तर सर्वसाधारण सभेत तो तुमचा आवक क्रमांक वाचून दाखवू शकतो.

इथून 'वाया गेलं' या मुद्द्याकडे येऊ. नगरपरिषदेत तुम्ही बहुधा एक नव्हे, तीन मतं दिली असतील : एक थेट नगराध्यक्षाला, दोन प्रभागातल्या दोन जागांना. तिन्ही ठिकाणी तुमची माणसं पडली तरी पूर्ण गावाचा हिशेब वेगळा असतो. निकालानंतर निवडून आलेले नगरसेवक जिल्हाधिकाऱ्यांकडे गटनोंदणी करतात. विषय समित्यांवरच्या जागा आणि स्वीकृत (म्हणजे मतदानानं नव्हे, नेमणुकीनं आलेले) नगरसेवक या गटांच्या संख्याबळाच्या प्रमाणात ठरतात. म्हणजे बहुमत नसलेल्या बाजूचेही दोन-तीन जण पाणीपुरवठा किंवा बांधकाम समितीच्या टेबलाशी बसतात आणि फाइल पाहतात. महानगरपालिकेत स्थायी समितीचंही असंच आहे, तिथल्या जागाही पक्षीय बळानुसार वाटल्या जातात. विरोधी बाजूचे आठ निवडून आले की अकरा, यानं सत्ता बदलत नाही, पण समितीतली एखादी खुर्ची बदलते. ठेक्यांवर प्रश्न कोण विचारणार, ते त्या खुर्चीवर ठरतं.

कुणीच निवडून आलेलं नसलं की काय होतं, हेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. मुंबई, पुण्यासह बहुतेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होते. सत्ताधारी नगरसेवक नाही, विरोधीही नाही. अंदाजपत्रक प्रशासकानं मांडायचं आणि त्यानंच मंजूर करायचं. हरलेल्या बाजूचे पाच नगरसेवक सभागृहात असण्याची किंमत त्या काळात ज्यांनी पाण्याच्या टँकरसाठी खेटे घातले त्यांना विचारा.

पडलेल्या उमेदवाराला पडलेली मतंही कुठे कुठे मोजली जातात. पहिली जागा म्हणजे अनामत रक्कम. लोकसभेला २५ हजार, विधानसभेला १० हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना याच्या निम्मी. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते. एक षष्ठांश म्हणजे साधारण पावणेसतरा टक्के. पैशांपेक्षा नाचक्की मोठी : "डिपॉझिट गेलं" हा शिक्का बसलेल्याला पुढच्या वेळी पक्ष तिकीट देताना दहा वेळा विचार करतो. ज्याचं वाचलं तो मात्र 'थोडक्यात हुकलेला माणूस' म्हणून पुन्हा दारात येतो.

दुसरी जागा म्हणजे पक्षाची मान्यता आणि चिन्ह. राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळण्याचे जे मार्ग आहेत त्यांतला एक असा की विधानसभा निवडणुकीत राज्यातल्या एकूण वैध मतांपैकी किमान आठ टक्के मतं मिळवायची. मग जागा एकही आली नाही तरी चालतं. गोव्यात २०२२ साली रेव्होल्युशनरी गोवन्स पार्टीचा चाळीसपैकी एकच आमदार आला. तोही सांत आंद्रेमधून, अवघ्या ७६ मतांनी. त्यांचे बाकीचे सगळे उमेदवार पडले. पण त्या पडलेल्यांची मतं मिळून पक्ष नऊ टक्क्यांच्या वर गेला आणि राज्य पक्ष झाला, फुटबॉल हे चिन्ह त्यांचं झालं. डिचोली-पेडण्याकडच्या ज्या मतदारानं त्यांच्या पडणाऱ्या उमेदवाराला मत दिलं, त्याचं मत सांत आंद्रेच्या मतदाराइतकंच त्या चिन्हात आहे.

तिसरी जागा कागदावर कुठे नसते, पण राजकारणातले लोक सगळ्यात जास्त तीच पाहतात : तिसऱ्या क्रमांकाची मतं. नांदेडमध्ये २०१९ च्या लोकसभेला अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी पडले. तिथे वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजारांच्या वर मतं होती. 'मतं खाल्ली' अशी ओरड झाली, आजही होते. ओरड खरी की खोटी हा वेगळा वाद. पण २०२४ च्या आधी महाविकास आघाडीनं वंचितबरोबर जागावाटपाच्या बैठकांवर बैठका घेतल्या, त्या कशामुळे? त्या बैठका फिसकटल्या, तरी खुर्ची मांडावी लागली ती पडलेल्या मतांमुळेच. घरी बसलेल्या मतदाराशी वाटाघाटी करायला कुणी येत नाही.

आणि पडलेला माणूस परत येतो. बीडमध्ये बजरंग सोनवणे २०१९ ला प्रीतम मुंडेंकडून १ लाख ६८ हजारांनी हरले. तरी त्यांना पाच लाखांवर मतं होती. पाच वर्षांनी त्याच मतदारसंघात ते पंकजा मुंडेंविरुद्ध ६,५५३ मतांनी जिंकले. या पाच लाखांतल्या निम्म्यांनी २०१९ मध्ये "कशाला, पडणारच आहे" म्हणून दांडी मारली असती, तर २०२४ ला तिकीट त्यांनाच मिळालं असतं का? दुसऱ्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर पुण्याचा कसबा घ्या. १९९५ पासून भाजपकडे असलेली ही जागा मार्च २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी सुमारे ११ हजार मतांनी घेतली. पडलेले हेमंत रासने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच धंगेकरांविरुद्ध उभे राहिले आणि १९ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. वीस महिने फक्त.

तुमच्या वडिलांना सांगायला याहून सोपं उदाहरण आहे. जून २०२४ मध्ये लोकसभेला महाराष्ट्रात ४८ पैकी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा. त्या दिवशी वारं कुणाचं होतं? साडेपाच महिन्यांनी विधानसभेला महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनीच २८८ पैकी २३० घेतल्या. राज्य तेच, मतदार बहुतेक तेच. मतदानाची टक्केवारी मात्र सुमारे ६१ वरून ६६ वर गेली. वारं बघून मत देणाऱ्यानं नेमकं कुठल्या महिन्याचं वारं बघायचं? मत म्हणजे मटक्याचा आकडा नव्हे, की लागला तर पैसे आणि नाही तर चिठ्ठी गटारात.

आता थोडं खरं बोलू, कारण "एका मतानं इतिहास घडतो" हे भाषण तुम्ही शाळेपासून ऐकलं असेल. एका मतानं निकाल लागलेले आहेत. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मतानं पडले. कर्नाटकात संथेमरहळ्ळीला २००४ मध्ये तेच झालं. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत एका प्रभागात दोन उमेदवारांची मतं बरोबर समान निघाली आणि चिठ्ठी उचलून नगरसेवक ठरवावा लागला. २०२४ मध्ये मुंबई वायव्य लोकसभा ४८ मतांनी, मालेगाव मध्य विधानसभा १६२ मतांनी, साकोली २०८ मतांनी गेली. पण बहुतेक मतदारसंघांत फरक हजारांत, कधी लाखात असतो, आणि तिथे तुमच्या एकट्याच्या मतानं काही उलटंपालटं होत नाही. हे मान्य करूनच पुढे जायचं. मताचा उपयोग निकाल फिरवण्यापुरताच असता तर तुमचे वडील बरोबर ठरले असते.

उपयोग कुठे आहे ते पाहायचं असेल तर एक दुपार काढा. विधानसभा आणि लोकसभेच्या प्रत्येक मतदारसंघाचा 'नमुना २०' राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. लांबच लांब तक्ता असतो : डाव्या बाजूला मतदान केंद्राचा क्रमांक, वर उमेदवारांची नावं, उजवीकडे एकूण वैध मतं, नोटा आणि शेवटी प्रदत्त मतं (आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं, तर खऱ्या मतदारानं कागदावर दिलेली). आपलं केंद्र शोधा. नगरपरिषदेसाठी असे आकडे तुमच्या उमेदवाराच्या मतमोजणी प्रतिनिधीच्या वहीत सापडतील. तो वही दाखवायला नक्की तयार होईल, त्याला विचारणारं कुणी भेटत नाही.

समजा तुमच्या केंद्राच्या यादीत १,१०० नावं आहेत. मतदान झालं ६४०. तुमच्या माणसाला २७०, जिंकणाऱ्याला ३३०, बाकी इकडेतिकडे आणि नोटा. फरक ६०. आणि न आलेले किती? ४६०. या ४६० पैकी सगळेच आळशी नसतात. काही वारलेले, काही पुण्या-मुंबईला गेलेले, काही मुली लग्न होऊन गेलेल्या. केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, यांच्याकडे गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची यादी असते. ती वजा केली तर समजा ४६० चे २८० उरतात. हे २८० जण गावातच होते. तुमची गल्ली हरली ती ६० मतांनी, आणि २८० जण घरी होते. हे आकडे उदाहरणाचे आहेत, पण तुमच्या केंद्राचे खरे आकडे काढलेत तर चित्र फार वेगळं नसेल.

हा तक्ता तुम्ही पाहिला नसेल, पण पुढच्या वेळी तिकीट मागणारे सगळे पाहतात. ज्या केंद्रावर हरलेल्याला २७० मतं आहेत तिथे दोन्ही बाजू येतात, कारण एकाला ६० भरून काढायची असतात आणि दुसऱ्याला ती टिकवायची असतात. ज्या केंद्रावर हरलेल्याला ४० मतं आणि मतदानच ३५ टक्के, तिथे कुणीच फिरकत नाही. जिंकलेल्याला गरज नसते, हरलेल्याला आशा नसते. त्या पोरांनी दम दिला तो तुमच्या गल्लीत मतं आहेत म्हणून. फरक बारीक असलेल्या गल्लीला असा दम निकालानंतर आठ दिवस चालतो. निवडणूक जवळ आली की तीच पोरं गटारावर फरशी टाकायला येतात.

तक्ता वाचताना एकच काळजी घ्या. दोन निवडणुकांची तुलना केंद्राच्या क्रमांकावरून करू नका. केंद्रांची पुनर्रचना झाली की क्रमांक सरकतात. गेल्या वेळचं ११२ यंदा ११५ झालेलं असतं. शाळेचं नाव, खोली आणि यादीतल्या गल्ल्या यांवरून जुळवा. भले भले कार्यकर्ते इथे चुकतात आणि "आपली मतं फुटली" म्हणून भलत्याच गल्लीवर रुसतात.

तर मग "निवडून येणाऱ्यालाच द्यावं का" याचं आमचं उत्तर : केवळ तो येणार आहे म्हणून, अजिबात नाही. पण तिरंगी-चौरंगी लढतीत आपल्या पहिल्या पसंतीला बाजूला ठेवून दुसऱ्या पसंतीला मत देणं यात काही पाप नाही. फक्त ते चहाच्या टपरीवरच्या अंदाजावर करू नका. तुमच्या पसंतीच्या उमेदवाराला किंवा पक्षाला तिथे मागच्या दोन निवडणुकांत एक षष्ठांशाच्या आसपासही जाता आलं नसेल, मतं वाढायच्या ऐवजी घटत असतील आणि तुम्हाला अजिबात नको असलेला माणूस थोडक्या फरकानं येत असेल, तर दुसरी पसंती वापरा. मतं वाढत असतील तर थांबा, आपल्याच माणसाला द्या. नगरपरिषदेत तर अशी ओढाताण कमी असते. तीन मतं आहेत, तिन्ही एकाच चिन्हाला गेली पाहिजेत असा नियम नाही. नगराध्यक्ष एका बाजूचा, नगरसेवक दुसऱ्या बाजूचा असं करता येतं आणि लोक करतात. सगळ्या जागांसाठी बटण दाबल्यावरच मतदान पूर्ण होतं. लांब बीप ऐकल्याशिवाय बाहेर पडू नका.

उमेदवारांपैकी कुणीच पटत नसेल तर घरी बसण्यापेक्षा नोटा बरा. लोकसभा-विधानसभेत नोटानं निकाल बदलत नाही हे खरं. तरी लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला नोटा २७,५०० मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला आणि त्याची बातमी देशभर झाली. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत नोटाला जास्त धार आहे : राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. न आलेला मतदार मात्र नाराज होता, आजारी होता की शेतावर गेला होता, हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

राहता राहिली तुमची बायको. त्यांचं नाव माहेरच्या यादीत आहे म्हणजे त्या मतदानाच्या दिवशी तिकडे जाणार नाहीत आणि इथे देऊ शकणार नाहीत. वरच्या ४६० सारख्याच, माहेरच्या केंद्रावर न आलेल्यांत त्यांचं एक नाव. यासाठी अर्ज क्रमांक ८ भरायचा, ६ नाही. सहा हा पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी आहे. बरेच जण सासरी पुन्हा सहाच भरतात, मग दोन ठिकाणी नाव होतं, पडताळणीत दोन्हीकडे प्रश्न उभा राहतो आणि "माझं नाव दुसरीकडे नाही" असं खोटं प्रतिज्ञापन केल्याचा बोजा वेगळा. आठ नंबरच्या अर्जात निवासस्थान बदललं हा पर्याय निवडायचा, जुना ओळखपत्र क्रमांक टाकायचा, सासरच्या पत्त्याचा पुरावा जोडायचा. त्यांच्या स्वतःच्या नावावर वीजबिल किंवा गॅसचं पुस्तक नसेल तर आधारवर पत्ता बदलून घ्या किंवा इथल्या बँकेचं पासबुक लावा. अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावरून करा किंवा बीएलओकडे कागदावर द्या. तुमचा बीएलओ कोण ते १९५० या क्रमांकावर फोन केला की कळतं.

वेळ मात्र आत्ताची गाठा. विधानसभा-लोकसभेसाठी उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव घालणं-काढणं बंद होतं, आणि चौकशीला दिवस लागतात म्हणून अर्ज त्याच्या निदान दहा-बारा दिवस आधी गेलेला हवा. नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांचं आणखी कडक आहे. त्यांची स्वतःची वेगळी नोंदणी नसते. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशी विधानसभेच्या यादीत जी नावं असतील तीच प्रभागवार तोडली जातात. प्रारूप यादीवर हरकत घेऊन चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव दुरुस्त होतं, पण विधानसभेच्या यादीतच नसलेलं नाव तेव्हा घालता येत नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर तहसील कार्यालयात जी भांडणं होतात त्यातली निम्मी याच कारणानं होतात. तेव्हा या आठवड्यात अर्ज भरा आणि पोचक्रमांक जपून ठेवा. बीएलओ पडताळणीला आला तेव्हा घराला कुलूप असेल तर अर्ज अडकू शकतो, म्हणून दुकानाचा फोन नंबर त्याला आधीच देऊन ठेवा.